उमरग्यातलं ‘नवं’ ग्राफिक्स कार्ड

मंडळी, आज उमरग्यात एका दुकानदाराची जिरवून आले.

अब्बांना पत्र्यावरच्या डिशच्या छत्रीवरचे एचडी चॅनल कॉम्प्युटरवर बघायचे होते. यानं नवं म्हणून जुनंच ग्राफिक्स कार्ड बसवून दिलं. चित्र अडकतंय म्हणून अब्बा विचारायला गेले, तर गिऱ्हाइकांसमोर हसला. "चाचा, तुमची छत्रीच वाकडी हाय. अडाण्याला कशाला पाहिजे हे?"

अब्बा पत्र्यावर चढून छत्री फिरवत राहिले. घसरले आणि हात मोडला. मग मी कॉम्प्युटर उघडला, तेव्हा आतलं जुनाट कार्ड दिसलं.

आज बाजाराचा दिवस. दुकान भरलेलं बघूनच कॉम्प्युटर घेऊन आत शिरले. "ह्यो तुमच्या छत्रीला जोडा," म्हटलं. जोडलं, तर मॅचमधला बॉलर पळता पळता थिजला.

"व्हय भाऊ, तुमचीबी छत्री वाकडी हाय का?"

लोक हसले. तो हळूच म्हणाला, "ताई, आत या, नवं देतो."

"न्हाय, हितंच बसवा. आन् अब्बांना फोन लावा. स्पीकरवर माफी मागा."

मागितली. पलीकडून अब्बा म्हणाले, "जाने दो बेटा, धंदा करू दे त्याला."

अब्बांनी माफ केलं. म्या न्हाय. दुकानाचं नाव इथं लिहू का?