मामाजींची पार्टनर

पत्त्यांतलं मला रमी आणि बदामसात एवढंच येत होतं, तेही माहेरी, एकोडीला, उन्हाळ्याच्या दुपारी वेळ जात नाही म्हणून शिकलेलं. ब्रिज नावाचा खेळ असतो हे लग्न होऊन जवाहरनगरला आले तेव्हा कळलं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, फॅक्टरीतून रिटायर झाले, क्वार्टर सोडून आम्ही जवळच घर बांधलं, पण त्यांचा रविवारचा ब्रिज काही सुटला नाही. मग त्यांच्या पार्टनरना मुलगा हैदराबादला घेऊन गेला आणि डाव मोडला. सासूबाई गेल्या तेव्हाही या माणसाने ताटात अन्न टाकलं नव्हतं. आता अर्धा भात तसाच राहू लागला. मोबाईलवर ब्रिज खेळता येतो, असं माझ्या नवऱ्याने पुण्याहून फोनवर सुचवलं. मामाजींनी दोन दिवस चष्मा लावून पाहिलं आणि समोर कोण बसलंय तेच दिसत नाही म्हणून ठेवून दिलं.

"तूच शिकते का, बेटा?" एका संध्याकाळी त्यांनी विचारलं. मी नुकतीच शाळेतून दोन बस बदलून आले होते, खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हती. नवरा पुण्याला, मुलगी नागपूरला हॉस्टेलवर, घरात आम्ही दोघंच. नाही म्हणायलाही अंगात त्राण लागतं. ते नव्हतं, म्हणून हो म्हटलं.

एक्क्याचे चार, बादशहाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. हातातले असे बारा-तेरा पॉइंट झाले की बोली उघडायची, म्हणजे कोणता हुकूम धरून खेळायचं ते सांगायचं. इस्पिक किंवा बदाम म्हणायचं तर ते पाच पाहिजेत. इथवर ठीक होतं. पुढे मात्र सगळा उफराटा कारभार. पार्टनरने एक नो ट्रम्प, म्हणजे हुकूमच नको, असं म्हटलं की आपण दोन किलवर म्हणायचं, आणि त्याचा किलवरशी काडीचा संबंध नाही. तुझ्याकडे चार बदाम किंवा चार इस्पिक आहेत का, असं ते विचारणं. तेच दोन किलवर पार्टनरने सुरुवातीलाच म्हटलं तर त्याचा हात जबरदस्त आहे. मग आपल्या हातात एकही चित्र नसलं तरी गप्प बसायचं नाही, दोन चौकट म्हणायचं.

"काही नसलं तर पास म्हणू द्या ना," मी वैतागून म्हटलं.

"तू पास म्हटलं का मी तिथंच अडकलो न. एवढा मोठा हात मंग वाया गेला," मामाजी म्हणाले.

मी भाजी चिरायला बसले की त्यांचा प्रश्न यायचा. वह्या तपासायला घेतल्या की प्रश्न. "मी एक बदाम म्हटलं, तुह्याकडे तीन बदाम, सात पॉइंट. काय म्हणशीन?" दोन बदाम, मी सांगायची, आणि वहीत चुकीच्या जागी बरोबरची खूण करून ठेवायची. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "सासऱ्यासंगं पत्ते? काहून वं? त्यायच्यासमोर खुर्चीवर बसते का तू?" बसत होते. इतकी वर्षं घरात कधी बसले नव्हते, पण ब्रिजमध्ये पार्टनर समोरासमोरच बसतात, त्याला माझा इलाज नव्हता.

डाव बसायचा त्यांच्या जुन्या सहकाऱ्याच्या बैठकीत, रविवारी दुपारी. आणि रविवारची दुपार हीच माझी झोप होती. सोमवारपासून मी त्या झोपेवर डोळा ठेवून आठवडा ढकलायची. ती गेली आणि मी अंगानेच नव्हे, मनानेही आंबून गेले. तिथे तिघे म्हातारे ताजेतवाने, आणि मी जांभया गिळत पत्ते लावतेय. मला मामाजींचा राग यायचा, आणि राग येतो याचा आणखी राग यायचा.

एका रविवारी त्यांनी दोन किलवर म्हटलं. माझ्या हातात सगळा कचरा. डोळ्यांवर झापड. मी म्हटलं, "पास."

बोली करणाऱ्याच्या पार्टनरने करायचे असतात तसे मी माझे पत्ते उघडून मांडले तेव्हा बाजूच्या दोघांना हसू आवरेना. मामाजींच्या हातात बदामांची नुसती रांग होती आणि खेळावं लागलं त्या भिकार दोन किलवरच्या बोलीवर, किलवर हुकूम धरून. ते शेवटपर्यंत शांतपणे खेळले, हरले, आणि चहा न घेता उठले.

वाटेत त्यांनीच तोंड उघडलं. "तू थकून राहिली न, बेटा? मले दिसत होतं."

"मग बोलला का नाहीत?" माझा आवाज चढला. "मला रविवारी झोपायचं असतं, मामाजी. दुसरं काही नको असतं."

चालता चालता ते म्हणाले, "तुही सासू गेल्यापासून घरात मले कोणी काही विचारत नाही. जेवता का, गोळी घेतली का, बस. तिथं टेबलावर तरी तू मले सांगते, तुह्या हातात काय आहे." मला रडू आलं, आणि तेही इतकं दमलेलं की धड आलं नाही.

पुढच्या रविवारी ते गेले नाहीत. जेवण झाल्यावर म्हणाले, "झोप." मी आडवी झाले. पण बाहेरच्या खोलीतून पत्ते वाटल्याचा आवाज येऊ लागला, अगदी हळू, मला जाग येऊ नये असा. चारही हात वाटून ते एकटेच बसले होते. स्वतःची बोली पुटपुटायचे, दोन्ही बाजूंच्या भिडूंचीही बोलायचे, आणि समोरच्या हाताची पाळी आली की थांबायचे. मी कूस बदलली, उशी कानावर घेतली. थांबलेलं तरीही ऐकू येत होतं.

शेवटी डोळे मिटूनच मी आवाज दिला, "मामाजी, माझ्या हातात काय आलं?"

पत्ते उचलल्याचा आवाज आला. "काहीच नाही आलं, बेटा," ते म्हणाले. "झोप तू."