बा उठून पलीकडे बसला

माझी शाळा माझ्या बापानं बुडवली, आणि तीही माझ्याच शाळेसाठी महिनाभर वहाणा झिजवून. सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही.

आमच्या गावात, कशेळ्यात, तेव्हा चौथीपर्यंतच वर्ग. पुढं शिकायचं तर कर्जत, आणि पोरीला कर्जतला कोण ठेवतंय? मामलेदार म्हणाले, बाजाराला येणाऱ्या दर गाडीवर पट्टी बसवा, सातवीपर्यंत मास्तर देववतो; पण गावाचं मत हवं. बानं मनावरच घेतलं. एकेकाच्या ओटीवर बसून सांगायचा, "आरं, गाडीमागं एक आणा! जड हाय का? माझी पोरगी पयली बसंल वर्गात." मी तर मनानं पाचवीत जाऊन बसलेसुद्धा होते.

मताच्या दिवशी सारे चावडीपुढं जमले. हो म्हणणाऱ्यांनी पिंपळाखाली बसायचं, नाही म्हणणाऱ्यांनी विहिरीकडे. बा सगळ्यांच्या आधी पिंपळाखाली बसला. त्याच्या शब्दावर माणसं येत गेली, पार भरला. आम्ही पोरी देवळाच्या पायरीवरून बघत होतो. शेवटी काका आले, बाचे थोरले भाऊ. घर एकत्र, भाताच्या गाड्या त्यांच्या हुकमातल्या; पट्टी पडली असती ती त्यांच्यावर. महिनाभर ते या विषयावर चकार शब्द बोलले नव्हते. ते सरळ विहिरीकडे जाऊन बसले.

थोरला भाऊ एकीकडे आणि धाकटा दुसरीकडे, असं चार लोकांत बसायचं नाही, ही आमच्याकडची रीत. जळो मेली ती रीत! बा थोडा वेळ बोटानं माती उकरत राहिला. मग उठला आणि काकांच्या मागं जाऊन बसला.

"आरं, ह्योच उठला रं!" कुणीतरी म्हणालं. मग बाकीचेही एकेक करून उठले. पट्टी बारगळली.

घरी मी रडत विचारलं, "बा, तू का उठलास?"

"भावाला लोकांत खाली बघाया लावू व्हय?"

"मंग मला लावलंस ते?"

आयनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

काकांचा मुलगा माझ्याच वर्गातला. हिशेबाला माझी पाटी बघायचा. पुढच्या जूनमध्ये त्याला शिकायला कर्जतला ठेवायचं ठरलं. त्याची ट्रंक बाच्या डोक्यावर दिली आणि मला दारात ओवाळायला उभं केलं, बहीण म्हणून. मी ओवाळलं. सगळे उंबऱ्याबाहेर पडले, बा मात्र ट्रंक सावरत तिथंच थांबला.

"कर्जतवरनं काय आणू गं तुला?"

मी ताट घेऊन आत गेले.