गाठ मारलेली कणसं

अण्णांनी मला घरावर ठेवलं तेव्हा सूचना किती दिल्या म्हणता! म्हशीला आधी कडबा घाल, मग पेंड. पेंड आधी दिलीस तर कडब्याला तोंड लावणार नाही. कोंबड्या दिवस मावळायच्या आत डालायच्या. चुलीचा उजवा दगड हलतो, त्यावर जड भांडं ठेवू नको. परसातल्या शेवग्यावर चढू नको, फांदी ठिसूळ असती. मी दहा वर्षं संसार केलेली, एका मुलाची आई. मी कशाला मरायला शेवग्यावर चढतेय? पण वडिलांना कोण सांगणार. एस.टी. सुटली तरी खिडकीतून डोकं काढून "रांजण झाकत जा गं!" म्हणून ओरडले. एवढं सगळं सांगितलं आणि जे सांगायला हवं होतं तेवढंच नेमकं राहिलं.

मोठा दुष्काळ सरून तीन-चार वर्षं झाली होती आणि आई जाऊन दोन. आमचं गाव मंद्रूपच्या पुढं. मळ्यातल्या घरात अण्णा एकटेच राहायचे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण विचारलं की "जरा धुरकट दिसतंय, बाकी काय न्हाय" एवढंच उत्तर. शेवटी धाकट्या भावानं पुण्याहून रजा काढली आणि त्यांना मिरजेच्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं. दहा-बारा दिवस लागणार होते. तेवढे दिवस घर कोण बघणार, म्हणून पत्र आलं, आणि मी लगेच हात वर केला. सोलापुरात सगळे म्हणाले, बापाची माया बघा. खरं सांगू का, माया होतीच, पण आमच्या दोन खोल्यांत आम्ही सात माणसं राहत होतो, आणि मला एकदा असं दार हवं होतं की जे मीच लावीन आणि मीच उघडीन.

काय सुख होतं हो ते! पहाटे म्हशीची धार काढायची, आणि आंघोळीच्या आधी, होय, आंघोळीच्या आधी, निरशा दुधाचा चहा करून उंबऱ्यावर बसायचं. सासरी हे केलं असतं तर वर्षभर ऐकून घ्यावं लागलं असतं. कुणाचा डबा नाही, कुणाचं आंघोळीचं पाणी नाही. भाकरी तव्यावरून उतरली की उभ्यानंच लोणी लावून खायची. ताट घेते कोण? थंडी होती, म्हणून अण्णांचा जुना कोट अंगात घालून मळाभर हिंडायचे. दुपारी बाज उन्हात ओढून पाय उन्हात, डोकं लिंबाच्या सावलीत, अशी झोप काढायची. फळीवर अंथरलेले जुने पेपर काढून वाचायचे. एकदा निम्मी गोष्ट मिळाली आणि पुढचा निम्मा तुकडा उंदरांनी खाल्लेला. त्या बाईचं पुढं काय झालं या काळजीत माझा एक अख्खा दिवस गेला.

आणि बोलायला म्हैस होती. सासूबाईंबद्दल दहा वर्षांत जे मनात साठलं होतं ते सगळं मी तिला धार काढता काढता सांगितलं. ती रवंथ करत ऐकायची. मध्ये बोलणं नाही, सल्ला नाही, "तुझंच चुकलं" नाही. असं माणूस मला अजून भेटलेलं नाही.

दिवस पौषाचे, शाळू हुरड्याला आलेला. अण्णांनी त्या साली बहुतेक रानात पंचायत समितीतून मिळालेलं नवं बी पेरलं होतं. विहिरीच्या कडेला मात्र एका तुकड्यात आमचा जुना शाळू होता, आजोबांच्या हातचा. दाणा मोत्यासारखा, आणि हुरडा असा गोड की गूळ लागू नये. चौथ्या दिवशी मी त्या तुकड्यात शिरले आणि जागच्या जागी थांबले. मध्येमध्ये काही ताटांच्या पानांना गाठी मारलेल्या होत्या.

ती गाठ मी कुठंही ओळखली असती. लहानपणी आमचे अण्णा हुरड्याच्या दिवसांत रानात पुढं जायचे, चांगलं कणीस दिसलं की त्या ताटाचं पान वळवून गाठ मारायचे आणि म्हणायचे, "ही तुजी. दुसऱ्या कुनी हात लावायचा न्हाय." भाऊ रडायचा, पण गाठीचं कणीस माझंच. मी तिथंच उभी राहून रडले बघा. डोळ्यांनी धड दिसत नाही, दवाखान्यात जायची घाई, आणि तरी माझ्या बापानं माझ्यासाठी कणसं राखून ठेवली! बोलला नाही, पण ठेवली. मला कुणी सोनं दिलं असतं तरी एवढं सुख झालं नसतं.

आता अशी राखलेली कणसं मी एकटीनं खाल्ली असती तर गोष्ट वेगळी. पण मिरवायची हौस! गावातलं एक माणूस सोलापूरला निघालं होतं, त्याच्याबरोबर निरोप धाडला, रविवारी सगळ्यांनी हुरड्याला या. आले. आमचे हे, आमचा मुलगा आणि सासूबाई. मी सकाळीच आगटी पेटवली, दही लावून ठेवलं होतं, शेंगदाण्याची चटणी कुटली, आणि गाठीची कणसं तेवढी निवडून, टोपली भरून आणली. पस्तीस-चाळीस तरी असतील. "अण्णांनी माझ्यासाठी राखून ठेवलीत," हे मी सासूबाईंना तीनदा ऐकवलं. त्यांना माहेरी असं कुणी काही ठेवलं नव्हतं, हे मला माहीत होतं. वाईटच आहे मी, पण त्या दिवशी मला फार बरं वाटत होतं.

गरम कणीस तळव्यावर चोळलं की हिरवे दाणे सुटायचे. ह्यांनी तर शर्टाची बटणं सोडून खाल्लं. सासूबाईंनीही कधी नव्हे ते दोनदा मागून घेतलं. फक्त पाच-सहा कणसं निघाली काणीची. चोळली की दाण्याच्या जागी नुसती काळी भुकटी. सासूबाईंचा तळवा काळा झाला. "राखून राखून हेच राखलं होय तुझ्या अण्णांनी?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "शेतात काणी निघायचीच, आत्या. ते काही दुकान आहे?" आणि ती कणसं आगटीत टाकली. संध्याकाळच्या गाडीनं सगळे तृप्त होऊन गेले.

सोमवारी सकाळी शेजारच्या मळ्यातली चुलती विहिरीवर पाण्याला आली. मी म्हशीपाशी होते. तिकडून तिची हाक आली ती अशी की मला वाटलं कुणी विहिरीत पडलं.

"अगं ए भवाने! हितली कणसं कुनी खुडली?"

"मी. का हो काकी?"

"बियाची हुती की गं ती! तुज्या बापानं बियाला ठेवली हुती!"

मी हसले. म्हटलं, "काकी, बी कुठं असं उभ्या पिकात धरतात? आई तर खळ्यावर निवडायची."

"तुजी आय हाय का आता?" काकी म्हणाली. "आय गेली तवापासनं त्योच निवडतोय. म्हैनाभर रोज यिऊन, एकेक कणीस हातानं चाचपून गाठी मारल्या त्यानं. मी बगितलंय. गेल्या साली निम्मं बी उगवलं न्हाय, म्हनून तर एवढ्याशाच तुकड्यात पेरलंय. ह्यातनं न्हाय मिळालं तर ह्यो शाळू गेला म्हन. आनि तू आगटीत घातलास व्हय?"

दुष्काळात आम्ही रेशनचा लाल मिलो, ती परदेशी ज्वारी, खाल्ला. त्याची भाकरी घशाखाली उतरायची नाही. माहेरी या शाळूचं एक गाडगं बियाला म्हणून राखेत पुरून ठेवलेलं होतं. आईला ताप भरला म्हणून मी आले होते, तेव्हा तिनं एकदा म्हटलंसुद्धा, मूठभर काढा, पेज करते. अण्णा गाडग्यावर हात ठेवून बसून राहिले, आणि मग आईच म्हणाली, राहू द्या. माझ्या आईनं तापात जे खाल्लं नाही ते मी सासूबाईंना चटणीबरोबर वाढलं होतं. आणि वर मिरवलं होतं.

काकी घागर भरून गेली. मी तिथंच बांधावर बसले आणि स्वतःला जेवढ्या शिव्या येत होत्या तेवढ्या दिल्या. मग उठले. बसून काय होणार?

आई खळ्यावर कशी निवडायची ते आठवायला लागले. कणीस उचलून आधी नुसतं हातात तोलायची. मग उलटं करून देठाकडचे दाणे बघायची, कारण शेंड्याकडचे दाणे सगळ्यांचेच चांगले असतात. देखणी कणसं ती खुशाल बाजूला टाकायची. "दिसाया बरं हाय, पन वजन न्हाय," म्हणायची. मी त्या तुकड्यात एका कडेनं शिरले आणि उरलेलं एकेक कणीस तोलत, बघत सुटले. पहिल्या दिवशी अकरा मिळाली. दुसऱ्या दिवशी त्यातली चार मलाच पटेनात, ती सोडली आणि नवी नऊ धरली. असं करत अण्णा यायच्या आत चाळीसेक झाली. पानांना गाठ मारायला हात होईना, म्हणून जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडून बांधल्या. पाखरं येतात म्हणून दिवसभर डबा बडवत बसायचे. चहा तिथंच, भाकरी तिथंच. दुपारची झोप गेली, पेपर राहिले. पण खोटं कशाला बोलू, ते दिवसही मला आवडले. त्या रानात मी आईच्या हातानं काम करत होते.

अण्णा परत आले ते डोळ्यावर हिरवी पट्टी लावून, भावाच्या खांद्यावर हात ठेवून. बाजेवर बसायच्या आतच मी सगळं सांगून टाकलं. माझ्या पोटात काही राहत नाही. ते ऐकत राहिले. मग विचारलं, "किती खाल्ली?"

"पस्तीस तरी."

"सगळीच म्हन की."

"दुसरी बांधलीत मी. अण्णा, मला वाटलं, गाठी माझ्यासाठी मारल्यात."

त्यांनी गुडघ्यावर हात चोळले. मग म्हणाले, "काढनीला ये. तवा बगू." ओरडले असते तर बरं झालं असतं. मी सोलापूरला गेले आणि दीड-दोन महिने माझं कशात लक्ष लागलं नाही. भाकरी थापताना हात थांबायचा. ती कणसं भरली नाहीत तर, पाखरांनी फस्त केली तर, अवकाळी पाऊस झाला तर, हेच डोक्यात. सासूबाई म्हणाल्या, माहेरची बाधा झाली.

काढणीला गेले. खळ्याच्या कडेला अण्णा बसले होते, डोळ्यांवर नवा चष्मा, भिंगं जाडजूड, त्यातून डोळे केवढे मोठे दिसत होते. त्यांच्यापुढं माझी चिंध्यांची कणसं वेगळी मांडलेली होती. मी जवळ गेले तरी त्यांनी वर बघितलं नाही. एकेक कणीस उचलायचे, तोलायचे, उलटं करून देठाकडचे दाणे बघायचे. एक बाजूला टाकलं. आणखी एक टाकलं. संपली सगळी, तेव्हा डावीकडं सात पडली होती, आणि उजवीकडं ढीग होता.

"बी झालं," अण्णा म्हणाले. "ह्यातलं येक बी काणीचं न्हाय. तुज्या आयनं निवडल्यागत हाय."

मी म्हटलं, "मग एवढे दिवस बोलला का नाहीत? मी जळून खाक झाले तिकडं."

"काय बोलू? मी गाठी मारल्या त्या आंधळ्यानं मारल्या, पोरी. काणीचं कुटलं आन् चांगलं कुटलं, काय दिसत न्हवतं. गेल्या साली तसंच काणीचं पेरलं आसंल. कुनाला सांगायचं? म्हातारं झालं म्हनून रान काढून घेत्याल, म्हनून गप्प बसलो." ढिगावर त्यांनी हात ठेवला. "तू खाल्लीस ते बरं झालं. काणीची भुकटी चांगल्या दान्यालाबी लागती, पेरली आसती तर शाळू गेला आसता."

मग त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. बघतच राहिले. जाड काचांमागचे ते डोळे माझ्या चेहऱ्यावरून, गळ्यावरून, हातांवरून फिरले.

"लई वाळलीस की गं," ते म्हणाले. "कवापासनं? मला कुनी सांगितलं न्हाय. दोन सालं झाली, तू येतीयास, जातीयास, आन् मी नुसत्या आवाजावर वळखतोय तुला."

दोन वर्षांत मी चार वेळा येऊन गेले होते. त्यांच्या ताटात वाढलं होतं, समोर बसून बोलले होते, आणि मलाही काही दिसलं नव्हतं. मी त्यांच्याजवळ खळ्यातच खाली बसले. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं आणि आणखी बघू लागले.