ठोंबरे साहेबांचा पांढरा रुमाल

कळंबजवळच्या आमच्या दूध केंद्राचे मॅनेजर ठोंबरे साहेब माणसांना कधी नमस्कार करत नसत. पण रोज सकाळी दूध तापवण्याच्या मशीनसमोर ते देव्हाऱ्यापुढे राहावं तसे उभे राहत. कडक इस्त्रीचा पांढरा रुमाल मशीनच्या अंगावरून फिरवत आणि उजेडात धरून म्हणत, "बघा! स्टील खोटं बोलत नाही. माणसं बोलतात." आम्ही फक्त टाळ्या वाजवायचं बाकी होतं.

एका उन्हाळ्यात पिशव्यांतलं दूध नासायला लागलं. साहेबांनी थेट राळेगाव रस्त्यावरच्या बंजाऱ्यांच्या तांड्याकडे बोट दाखवलं. "त्या लोकांचे कॅन बघितलेत? त्यांचं दूध बंद!"

तांड्याचं दूध गोळा करणाऱ्या सोनाबाई राठोड दारात येऊन म्हणाल्या, "साहेब, बायांनी याच भरवशावर गाई घेतल्या. आता दूध काय नाल्यात ओतू?"

"कुठेही ओता. इथं नको."

मी लॅबमध्ये होतो. तांड्याचं दूध मशीनमध्ये शिरताना ठणठणीत असायचं, बिघडायचं ते बाहेर येताना. काही जंतू उष्णतेनं मरत नाहीत, उलट सुखावतात. मशीनच्या आतल्या भिंतीला चिकटतात, अंगाभोवती चिकट थर करतात आणि आत संसार थाटतात. मी काच, रबर आणि स्टीलचे तुकडे काही दिवस गरम दुधात ठेवले, दूध रोज बदललं. काचेवर पुसट थर आला, रबरावर जाड. आणि साहेबांचं लाडकं स्टील? तेही बुळबुळीत!

साहेबांनी तो तुकडा मेलेला उंदीर धरावा तसा धरला. "तुमच्या लॅबचं स्टील हलकं आहे. जंतू उष्णतेत जगतात म्हणे!" हे ज्ञान यवतमाळच्या मे महिन्यात, घामानं निथळत.

तांड्याचं दूध बंद झालं, तरी पिशव्या नासतच राहिल्या. शेवटी मशीन उघडावं लागलं. सोनाबाई रिकामे कॅन न्यायला आल्या होत्या, त्याही थांबल्या. साहेबांनी आतल्या पत्र्यांवरून, त्यांच्यामधल्या रबराच्या भेगांवरून ऐटीत रुमाल फिरवला आणि सवयीनं, स्वतः न बघताच, उजेडात धरला. "बघा!"

रुमालावर पिवळा, आंबूस लगदा होता.

सोनाबाई म्हणाल्या, "पाह्यलं जी. आता तुम्ही पाहा."

रबर बदललं, आतले पत्रे घासले, तांड्याचं दूध पुन्हा सुरू झालं. माफी? छे! "रबराच्या संगतीनं स्टील बिघडलं," एवढाच खुलासा मिळाला.

साहेबांच्या निरोप समारंभाला सोनाबाईंनी त्यांना लाल धाग्यांनी भरलेला, बारीक आरसे जडवलेला रुमाल दिला. "दोन्हीकडून पाहून घ्या जी, साहेब."

साहेबांनी तो सवयीनं उजेडात धरला. प्रत्येक आरशात एकेक ठोंबरे साहेब डाग शोधत होते.