दोन मीटरवरची चिनू

काल माझी सुटका झाली. रायपूरला तात्यापारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरात आठ दिवस मी एका खोलीत, आणि माझी चार वर्षांची चिनू दारापलीकडे...

झालं असं की वर्षभर माझा चेहरा मधूनच लालबुंद व्हायचा आणि पोट बिघडायचं. घरात सगळ्यांनी इथल्या उन्हावर खापर फोडलं, सासूबाईंनी तर पन्हं पाजून पाजून बेजार केलं. शेवटी सोनोग्राफीत लिव्हरवर गाठी दिसल्या. बायोप्सी दोनदा तपासून डॉक्टर म्हणाल्या, असा ट्यूमर फार क्वचित दिसतो... हळू वाढतो, पण उपचार आहे.

उपचार म्हणजे किरणोत्सारी इंजेक्शन. ते गाठींना शोधून आतून जाळतं, पण काही दिवस आपल्या अंगातूनही किरणं बाहेर पडत राहतात. लहान मुलांपासून आठ दिवस दोन मीटर लांब राहायचं, हे डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं.

आता चिनूला किरणं कशी समजावणार? तुला त्रास होईल म्हटलं तर ही बया ऐकणारी नाही. म्हणून मी शहाणपणा केला... तू जवळ आलीस तर मम्मी अजून आजारी पडेल, असं ठोकून दिलं.

थाप चालली. पोरगी दारापासून लांब बसून चित्रं काढायची आणि तिथूनच दाखवायची. तिच्या डोक्याच्या खोबरेल तेलाच्या वासासाठी मी अक्षरशः झुरले हो.

काल आठ दिवस भरले. आंघोळ करून बाहेर आले, हात पसरले... आणि चिनू मागे सरकली.

"नहीं मम्मी, मैं आऊँगी तो आप फिर बीमार हो जाओगी."

मला रडूच फुटलं. सासूबाई म्हणाल्या, "काहून रडून राहिली वं? तुह्याच जिवासाठी दूर राहून राहिली ना पोट्टी." तेच तर...

मम्मी खोटं बोलली होती, हे दहादा सांगून झालं. पटतच नाही तिला.

आज दुपारी ती झोपली, तेव्हा मी हळूच शेजारी आडवी झाले. झोपेत तिनं माझ्या गळ्यात हात टाकला... जाग आली तसा घाईघाईनं काढला, आणि माझ्या कपाळाला लावून पाहिला, ताप आलाय का ते.

गाठी किती आटल्या, ते तीन महिन्यांनी स्कॅनमध्ये कळेल. मला आत्ता एवढंच हवंय, तिनं न घाबरता तो हात परत गळ्यात टाकावा.