पाणी विसरेपर्यंत

भोवरेसर त्या टाकीजवळ कधी मोठ्यानं बोलत नसत. वर्गात आवाज असा की शेवटच्या बाकावरचा झोपाळू दचकून उठावा. पण प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत शिरले की चपला बाहेर, पाय चवड्यांवर आणि बोलणं कुजबुजत. मी तिथे नवी डेमॉन्स्ट्रेटर. पहिल्याच दिवशी शिंकले, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी देवघरात थुंकले!

त्यांचं खरं आडनाव वेगळंच. पाण्यातल्या भोवऱ्यांवर संशोधन करतात म्हणून मुलांनी ठेवलेलं हे नाव. टाकी गोल, उथळ, माणूस आडवा मावेल एवढी रुंद आणि उंच पायांवर उभी. तळाला मधोमध भोक, त्याला खालून बूच. बूच काढलं की पाणी फिरत फिरत खाली जाणार. पाणी अगदी निश्चल असेल, तर पृथ्वीच्या फिरण्यामुळे आपल्याकडे भोवरा घड्याळाच्या उलट दिशेनं फिरला पाहिजे, एवढंच सरांना दाखवायचं होतं. पण निश्चल पाणी आणायचं कुठून? “बाई, पाणी लगेच विसरत नाही,” ते म्हणत. “कोणी कसं ढवळलं, ते दिवस-दोन दिवस धरून बसतं.” तेवढं थांबावं, तर नेमका बाहेरच्या ए.बी. रोडवरून ट्रक धडधडत जायचा, नाही तर कोणी दार आपटायचं. कित्येक वर्षं हेच.

दुपारी सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, लालबागेकडच्या घरून टांग्यानं डबा घेऊन यायच्या. दरबारी नोकरीतल्या घरची मुलगी, बोलणं निम्मं हिंदी. “काय हो, माझी सवत उठली का झोपेतून?” असं टाकीकडे बघून विचारायच्या आणि सरही हसायचे. एकदा मात्र वहिनींना लहर आली. “जरा मैं भी तो देखूं,” म्हणत त्यांनी बांगड्यांसकट हात पाण्यात घातला आणि घड्याळाच्या दिशेनं गर्रकन फिरवला.

सर त्या खोलीत पहिल्यांदाच ओरडले. “अक्कल आहे का तुला? चालती हो इथून!”

वहिनींचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं. “इतना क्या... पाणीच तर आहे,” म्हणाल्या आणि डबा ठेवून गेल्या. त्या संध्याकाळीच त्यांना ताप भरला. मेंदूवर गेला. वहिनी पुन्हा शुद्धीवर आल्याच नाहीत.

तेरावं झालं आणि सर कामावर आले, पण बुचाला हात लावीनात. टाकीवर काच झाकलेली. “आज नको,” म्हणायचे. उद्याही आज नकोच. महिना उलटला. मला कळत होतं. वहिनींचा हात त्या पाण्यात होता. एकदा धीर करून म्हटलं, “सर, तुम्हीच सांगता, दोन दिवसांत पाणी विसरतं.”

“बूच काढेपर्यंत कोणाला माहीत?” ते म्हणाले.

एवढा विद्वान माणूस, पण डब्याची वेळ झाली की दाराकडे बघत बसायचा. पुढे पुढे मलाही त्या खोलीत बांगड्या ऐकू यायला लागल्या. खोटं कशाला सांगू?

शेवटी विभागप्रमुखच आले. सरांना म्हणाले, “भिया, अब बस करा. डास होतील, परीक्षा सिर पे आलीय. आज ही टाकी खाली झाली पाहिजे.”

सर वाद घालतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसती मान हलवली. मला म्हणाले, “मी खालून बूच काढतो. वरून तुम्ही बघा, मला बघवणार नाही.” काच अलगद बाजूला करून मी भोकाच्या वर, पाण्यावर, काड्यांची छोटी फुली सोडली आणि स्टुलावर चढले. सर टाकीखाली शिरले.

पाणी उतरू लागलं. फुली बराच वेळ जागची हलली नाही. मग फिरायला लागली; सावकाश, अगदी स्वच्छ, घड्याळाच्या उलट. एवढं शांत पाणी आमच्या टाकीत कधी उभं राहिलंच नव्हतं. ज्या उत्तरासाठी माणसानं उमर घातली, ते माझ्या डोळ्यांसमोर गोल फिरत होतं आणि मला रडू फुटत होतं.

“कोणीकडे?” खालून आवाज आला.

“उलट, सर. घड्याळाच्या उलट.”

“बरोबर. तसंच यायला हवं,” ते वर्गातल्या आवाजात म्हणाले. मग थोड्या वेळानं कुजबुजले, “बाई, सुरुवातीला तरी... अगदी जराशी... तिच्या हाताच्या बाजूला वळली होती का हो?”

“नाही, सर.”

सगळं पाणी मोरीतून वाहून गेलं. मी स्टुलावरून उतरले, प्रमुखांना सांगून आले, खोलीत अंधारून आलं, तरी बूच हातात धरून बसलेले सर टाकीखालून बाहेर आले नव्हते.