नानांचा फोन, गावाच्या मोटारी

माझं काम लोकांना समजावून सांगणं अवघड आहे. जळगावात एका हार्डवेअरच्या दुकानावर दोन खोल्यांचं आमचं ऑफिस आहे आणि तिथे बसून मी कॉम्प्युटरला लक्षात ठेवायला शिकवते. शेतातल्या पाण्याच्या मोटारीला आमची पेटी बसवली की शेतकरी घरून फोन लावतो. एक दाबलं की मोटार चालू, दोन दाबलं की बंद. फोन येतो आमच्या सर्व्हरवर. कोणाचा फोन आहे, त्याची मोटार कुठली, त्याचं बोलणं कुठवर आलंय, हे सगळं सर्व्हरने ध्यानात ठेवायचं. ते ध्यानात ठेवणारा भाग माझ्याकडे.

पहिल्या खेपेला आम्ही सगळ्यांचं लक्षात ठेवायला मिळून एकच जागा ठेवली होती. माझा सहकारी धुळ्याचा. तो त्याच्या टेबलावरून एक मोटार चालू करायचा, मी माझ्या टेबलावरून दुसरी बंद करायला जायचे, आणि बंद पडायची त्याचीच. दुपारभर आम्ही एकमेकांवर खेकसलो. मग मी प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळा कप्पा करून दिला आणि कप्प्यावर नाव म्हणून त्याचा फोन नंबर घातला. वर आणखी एक शहाणपण केलं. कोणती मोटार, हे एकदा विचारलं की दिवसभर पुन्हा विचारायचं नाही, कप्प्यात बघायचं. एकच गोष्ट माणसाला दहा वेळा विचारणाऱ्या यंत्रांचा मला मनापासून राग आहे.

हा सगळा खटाटोप खरं तर नानांसाठी होता. नाना म्हणजे माझे वडील. धरणगावच्या अलीकडे आमचं गाव. आजूबाजूला सगळी कपाशी आणि मधोमध नानांची हट्टाची केळी. शेतीची लाईट एका आठवड्यात सकाळी, दुसऱ्यात भलत्याच वेळी. लाईट आली की नाना काठी घेऊन वावरात निघायचे, आणि त्यांचा गुडघा असा की पायरी उतरतानाही ते देवाचं नाव घेत. डॉक्टरांनी चालणं कमी करायला सांगितलं होतं. नानांनी ते डॉक्टरांचं मत म्हणून ऐकून घेतलं. अखेर मी पेटी बसवली तेव्हा त्यांनी एकच अट घातली: एकदा जरी ही फसली, तरी मी आपला पायी जाईन.

हिवाळाभर पेटी शहाण्यासारखी वागली. तिचं बघून उन्हाळ्यात गल्लीतल्या लोकांनीही पेट्या घेतल्या. मी ऑफिसात मिरवले.

मग ऐन मे महिन्यात, केळीचे घड बाहेर पडत असताना, नानांचा फोन आला. आवाज अगदी शांत होता, म्हणजे प्रकरण गंभीर. "तुन्हं मशीन येडं शे. मी चालनू वावरमा."

झालं होतं असं. नानांनी सकाळी मोटार चालू केली आणि ती लगेच बंद पडली. केळी दिवसभर कोरडी. तिकडे शेजारच्या काकांनी वावरात हाताने चालू केलेली त्यांची मोटार घरून फोनवर बंद केली होती, ती चालूच राहिली. पाणी बांध ओलांडून रस्त्यावर आलं आणि गावच्या म्हशींनी तिथे बैठक मारली. मी सर्व्हरवरची सगळी नोंद पाहिली. सर्व्हरचं म्हणणं होतं की त्याचं काहीच चुकलेलं नाही. हे ऐकून माझं डोकंच फिरलं.

रविवारी गावी गेले आणि ओट्यावर बसले. अर्ध्या तासात उलगडा झाला. आमच्या ओट्यावर रेंज चांगली येते आणि नानांचा फोन तिथे पाण्याच्या माठासारखा उघडा पडलेला असतो. येणारा-जाणारा तो उचलतो, लावतो, ठेवतो. पेट्या घेताना गल्लीतल्या सगळ्यांनी नंबरही नानांचाच दिला होता. का, तर बाकीचे दर ऑफरला सिम बदलतात, नानांचा नंबर मात्र वर्षानुवर्षं तोच. माझ्या सर्व्हरला अख्खी गल्ली म्हणजे एकच माणूस. नानांनी मोटार चालू केली, पाठोपाठ काकांनी तोच फोन उचलून दोन दाबलं. सर्व्हरने पुन्हा न विचारता, मीच शिकवल्याप्रमाणे, नानांची मोटार बंद केली.

मी काकांना जरा चढ्या आवाजातच म्हटलं, आपापल्या फोनवरून लावत जा.

काका म्हणाले, "फोन कोनाबी राहो, मोटर तं ज्यानी त्यानीच शे ना."

मग मी नानांकडे वळले. निदान लाईटच्या वेळेला तरी फोन खिशात ठेवा, म्हटलं. नानांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी दारात आलेल्याला हाकलायला सांगत होते. "मन्हा फोन मी लपाडी ठेवू का आते? गुडघा दुखस तं दुखू दे." आणि काठी शोधायला लागले.

मला रागही आला आणि भरूनही आलं. हा माणूस बदलणार नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं. मग यंत्रच बदलायला हवं होतं.

ऑफिसात साहेब म्हणाले, एक फोन म्हणजे एक गिऱ्हाईक, सगळीकडे असंच असतं. धुळ्याचा सहकारी हसून म्हणाला, आमच्या घरचाही फोन असाच फिरतो. शेवटी मी कप्प्यावरचा नंबर पुसला आणि माणूस लिहिला. ओट्यावर प्रत्येकाला एकेक आकडा वाटून दिला. आता यंत्र दर वेळी आधी विचारतं, "कोन बोली राहिनं?" ज्याने त्याने आपला आकडा दाबायचा, काम झालं की त्याचा कप्पा रिकामा. थोडा वेळ कोणी काहीच दाबलं नाही, तर यंत्राने फोन ठेवून द्यायचा. रेकॉर्डिंगला बाहेरचा आवाज परवडत नव्हता, म्हणून प्रश्न माझ्याच आवाजात भरला.

गल्लीचं सुरळीत सुरू झालं. फक्त नानांचेच फोन तुटायला लागले. "मशीन मन्हं आयकस नही, मधमाच फोन कापस," अशी तक्रार आली आणि मला पुन्हा ती काठी दिसायला लागली. तशीच गावी गेले. नाना ओट्यावर पाठमोरे बसून फोन लावत होते. फोनमधून माझा आवाज आला, "कोन बोली राहिनं?"

"मी बोली राहिनू, माय," नाना म्हणाले. "जेवनी का तू?"

आणि उत्तराची वाट बघत थांबले.

मी तशीच मागे फिरले. ऑफिसात आल्यावर सगळ्यांचे कप्पे तसेच ठेवले आणि नानांच्या एकट्या नंबरावरून येणाऱ्या फोनसाठी थांबायची मुदत चांगली वाढवली. आता फोन तुटत नाही. नाना जरा वेळ थांबतात, मग आपला आकडा दाबतात, आणि केळीला पाणी सुटतं. काठी दाराआड उभी असते. साहेबांनी एकदा विचारलं, या एकाच गिऱ्हाइकाला एवढा वेळ कशाला? मी म्हटलं, ते आधी घरचं विचारतात.